भाजीत पडणारे मीठ कोणते? सोलापूरच्या पूर्व भागातील एका घराचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागातील एका नागरी आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. पुढे मांडलेले प्रकरण तेथे नाव नोंदवलेल्या एका गरोदर महिलेचे आहे. मात्र ते तिच्यापुरते राहिले नाही, तिची सासू आणि सहा वर्षांची मुलगी यांच्यापर्यंत पोहोचले. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आजार दुर्मीळ होता म्हणून मी हे लिहीत नाही. आयोडीनयुक्त मिठाबद्दल आम्ही विचारलेल्या प्रश्नाला घरातून खरे उत्तर मिळाले आणि तरीही त्या उत्तराने आमची दिशाभूल झाली, हे नीट नोंदवून ठेवावे असे मला वाटते.

पहिली भेट

ही महिला २६ वर्षांची, वजन ४६ किलो. गर्भारपणाचा नववा आठवडा चालू असताना ती नोंदणीसाठी आली. पदरी एक मुलगी होती आणि दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात एक गर्भपात झाला होता. पती यंत्रमागावर टॉवेल विणण्याच्या कामाला, ती आणि सासू घरी विड्या वळणाऱ्या, घरातली बोली तेलुगू, बाहेरचा व्यवहार मराठीत. पूर्व भागातल्या अनेक घरांसारखेच हे घर.

तिची तक्रार एवढीच होती : "मॅडम, हात चालत नाही." थकवा म्हणून मी ती लिहून घेतली असती, पण तिच्यासोबत आलेल्या आशाताईंनी दिवसाला किती विड्या होतात असे विचारले. पूर्वी सकाळचा स्वयंपाक आटोपून बसले की संध्याकाळपर्यंत आठशे होत असत, आता चारशेलाही रात्र होते, असे तिने सांगितले. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पाने आणि तंबाखू, आणि तशातच डुलकी लागते. कारखान्यात विड्या तपासताना नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. आमच्या तपासणीच्या कागदावर थकव्याचे माप नसते. विडी कामगार महिलेकडे मात्र ते रोज असते, कारण तिची मजुरीच हजार विड्यांच्या दराने ठरते. त्या दिवसापासून मी ही संख्या विचारत आले आहे.

बद्धकोष्ठता होती, त्वचा कोरडी होती आणि सोलापूरच्या एप्रिलमध्येही तिला रात्री पांघरूण लागत होते. सासूबाईंच्या मते हे सारे दिवस गेल्यामुळे होते. माझाही पहिला अंदाज फार वेगळा नव्हता, कारण हिमोग्लोबिन ९.४ आले आणि थकव्याचे कारण हाती लागले असे मला वाटले. गर्भपाताचा पूर्वेतिहास असल्यामुळे थायरॉईडची तपासणी मात्र पाठवली. मान तपासताना तिला पाण्याचा घोट घ्यायला सांगितले, तेव्हा घोटासोबत वर सरकणारी ग्रंथी बोटांना स्पष्ट लागली. मान सरळ ठेवल्यावर ती डोळ्यांना दिसत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा पहिल्या श्रेणीचा गलगंड ठरतो.

त्याच भेटीत आहाराच्या रकान्यात "आयोडीनयुक्त मीठ वापरता का?" असा प्रश्न होता. तिने "हो, पाकिटातलं आहे घरात" असे सांगितले आणि मी "होय"वर खूण केली.

अहवाल, आणि पहिला महिना वाया जाणे

टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक, ११.८ आले. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ते साधारण ४च्या आत असावे लागते. फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडने बनवलेले व रक्तात मोकळे असलेले संप्रेरक, सामान्य मर्यादेच्या किंचित खाली होते. थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-टीपीओची पातळी सामान्य होती. सोनोग्राफीत ग्रंथी सर्वत्र सारखी वाढलेली दिसली. गाठी नव्हत्या आणि पोतही बिघडलेला नव्हता.

येथे थोडे थांबून शरीरातली घडामोड सांगायला हवी. थायरॉईड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, त्या टी-४च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि टी-३मध्ये तीन. आयोडीन शरीरात तयार होत नाही; ते अन्नपाण्यातूनच यावे लागते. ते कमी पडले की संप्रेरक कमी बनते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला हे कळते, ती टीएसएच वाढवते आणि त्या सततच्या तगाद्याने थायरॉईडच्या पेशी वाढत जातात. गलगंड म्हणजे ही वाढ. अपुऱ्या कच्च्या मालावर जास्त काम करून घेण्याची शरीराची धडपड. आमच्याकडे अनेक जण गलगंड आणि गंडमाळ हे एकच समजतात. गंडमाळ म्हणजे मानेतील लसिकाग्रंथींचा क्षयरोग. त्याचा थायरॉईडशी संबंध नाही. या गल्लतीमुळे मानेला सूज आली की क्षय निघेल या भीतीने माणसे दवाखान्यात यायचे टाळतात, हे मी पाहिले आहे.

गरोदरपणात ही ओढाताण वाढते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५० लागते. आईच्या शरीरात संप्रेरकाची निर्मिती वाढलेली असते, मूत्रावाटे आयोडीन जास्त बाहेर पडते आणि गर्भालाही वाटा द्यावा लागतो. पहिल्या साधारण बारा आठवड्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. मेंदूची जडणघडण सुरू झालेली असताना लागणारे संप्रेरक तेव्हा आईकडूनच येते. आयोडीनची कमतरता हे टाळता येण्याजोग्या बौद्धिक हानीचे जगातील एक प्रमुख कारण मानले जाते, ते यामुळेच. १९९४ साली झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात तीव्र कमतरता असलेल्या आणि नसलेल्या लोकसमूहांच्या बुद्ध्यंकात सरासरी साडेतेरा गुणांचा फरक आढळला होता. नवव्या आठवड्यात आलेल्या बाईच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो, तो याच कारणाने.

म्हणून लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी, ७५ मायक्रोग्रॅम लगेच सुरू केले. रक्तवाढीसाठी लोह व फॉलिक अॅसिडची गोळी आणि पुढे कॅल्शियमही होतेच. चार आठवड्यांनी, चौदाव्या आठवड्यात, टीएसएच ९.६ आले. औषध रोज घेणाऱ्या रुग्णात एवढाच उतार अपेक्षित नव्हता. मात्रा वाढवण्याचा कागद मी लिहायला घेतला होता. तेवढ्यात आईच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीने पाण्याच्या बाटलीसाठी मान वर केली आणि तिच्या गळ्याशी भरीवपणा जाणवला. हात लावून पाहिले, तर तिचीही ग्रंथी वाढलेली होती. सहा वर्षांच्या मुलीची आणि तिच्या आईची ग्रंथी एकाच वेळी वाढलेली असेल, तर कारण घरात शोधायला हवे. मात्रा वाढवायचे थांबवून दुसऱ्या दिवशी मी आशाताईंसोबत त्यांच्या घरी गेले.

स्वयंपाकघरातील फळी

आम्हाला जे हवे होते ते सारे एकाच फळीवर सापडले.

डाव्या बाजूला प्लास्टिकची छोटी डबी होती आणि तिच्यात तिन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र ठेवलेल्या होत्या. सकाळी चहासोबत तिन्ही एकदम घेतल्या की विसरायला होत नाही, असे तिने सांगितले. तिचे म्हणणे समजण्यासारखे होते, आणि चूक आमची होती. लोह आणि कॅल्शियम आतड्यात लिव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे शोषले जात नाही. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा-नाश्ता त्यानंतर किमान अर्ध्या तासाने आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी, हे आम्ही चिठ्ठीवर लिहिले होते. चिठ्ठी मराठीत होती, आणि घाईच्या ओपीडीत कोणी ती तोंडी समजावून सांगितली नव्हती. डबी वेगळी केली. थायरॉईडची गोळी तिच्या उशाशी आणि लोहाची दुपारच्या जेवणाच्या भांड्यांजवळ ठेवायला सांगितले.

उजव्या बाजूला, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर, चिनी मातीची एक मोठी बरणी होती आणि तिच्यावर झाकण म्हणून स्टीलची ताटली. आत करड्या छटेचे ओलसर खडे मीठ होते. त्या बरणीच्या मागे एका नामांकित कंपनीच्या आयोडीनयुक्त मिठाचे पाकीट होते, कोपरा कापून रबर बँड लावलेले. पाकीट घरात आहे हे तिचे उत्तर शब्दशः खरे होते. ते पाकीट ताटात वरून घ्यायला आणि पाहुण्यांसाठी होते. आमटीत, भाजीत, भाकरीच्या पिठात आणि शेंगांच्या चटणीत बरणीतलेच मीठ पडत होते.

"इदि मा दोड्डु उप्पु," सासूबाई म्हणाल्या. हे आमचे जाडे मीठ. पाकिटातल्या मिठाला चव नाही आणि त्यात आमटी अळणी लागते, असे त्यांचे मत. हातगाडीवाल्याकडून गोणीतले मीठ मापाने घ्यायचे, घरी दोन पाण्यांतून धुऊन काढायचे आणि गच्चीवर जुन्या साडीवर पसरून कडक उन्हात वाळवायचे, ही त्यांच्या सासूपासून चालत आलेली रीत. त्यात हयगय कुठेच नव्हती. ते मीठ अतिशय निगुतीने स्वच्छ केलेले होते. पण मूळच्या मिठात आयोडीन मिसळलेले असते, तरी धुण्यात आणि उन्हात त्यातले बरेच निघून गेले असते.

आशाताईंनी मीठ तपासणीची कुपी काढली. चिमूटभर मीठ ताटलीवर ठेवून त्यावर एक थेंब टाकला. थेंब पाण्यासारखा पांढराच राहिला. काही मिठांतील क्षारांमुळे पहिल्या खेपेला रंग उमटत नाही, म्हणून दुसऱ्या कुपीतील द्रावण घालून पुन्हा तपासले, तरी रंग आला नाही. मग पाकिटातल्या मिठावर थेंब टाकला आणि ते क्षणात जांभळे झाले.

हा रंग पाहून घरच्यांचे समाधान होईल असे मला वाटले होते. सासूबाईंनी मात्र नेमके उलटे अनुमान काढले. "बघा मॅडम, आमचं मीठ पांढरंच राहिलं. ह्याच्यात केमिकल आहे म्हणून तर रंग बदलला." त्यांचा तर्क मला चुकीचा म्हणता येईना, समोर जे दिसले त्यावरून त्या बोलत होत्या. मी त्यांच्याकडून भाताची थोडी पेज मागून घेतली आणि आशाताईंच्या पिशवीतले, जखमेला लावायचे पोव्हिडोन आयोडीन त्यात थेंबभर टाकले. पेज काळीनिळी झाली. पिठूळ पदार्थाला आयोडीन लागले की असा रंग येतो. कुपीतल्या द्रावणात पीठच आहे आणि ज्या मिठात आयोडीन असते तेथेच तो रंग उमटतो, हे त्यांना स्वतःच्या भाताच्या पेजेवरून पटले. कारखान्यात मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात हे मी लपवले नाही. ते किती घालतात आणि का घालतात, हे समजले की "केमिकल" या शब्दाची धास्ती कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आकडेमोड त्यांच्यासमोरच केली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात कायद्याने दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसभरात आठ ग्रॅम मीठ पोटात गेले तर १२० मायक्रोग्रॅम होतात आणि शिजवण्यात साधारण पाचवा हिस्सा उडाला असे धरले तर शंभराच्या आसपास उरतात. दूध, अंडी, मासळी यांतून थोडी भर पडते. बरणीतल्या मिठातून या हिशेबात येणारा आकडा शून्याजवळचा होता. मीठ वाढवून खा असा याचा अर्थ मुळीच नाही; जेवढे खातो तेवढे आयोडीनचे असावे, एवढेच सांगायचे होते.

सोलापूरसारख्या कोरड्या पठारी जिल्ह्यात हे कसे, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. गलगंड म्हटला की हिमालयाच्या पायथ्याची गावे डोळ्यांसमोर येतात, आणि त्याला इतिहासही आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात तीन विभाग पाडून दोन विभागांना आयोडीनचे आणि एकाला साधे मीठ पुरवले. आयोडीनचे मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंड झपाट्याने कमी झाला आणि तिसऱ्यात तो तसाच राहिला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या कामाच्या बळावर. पुढील सर्वेक्षणांतून ही कमतरता डोंगराळ पट्ट्यापुरती नसून देशातील एकही राज्य तिच्यातून सुटलेले नाही हे स्पष्ट झाले आणि १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात आयोडीन कमतरतेचे सर्व विकार घेण्यात आले. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरची बंदी २००० साली उठली आणि २००६च्या मे महिन्यापासून पुन्हा लागू झाली. ती आजही आहे. तरीही लोणच्यासाठी किंवा जनावरांसाठी म्हणून विकले जाणारे खडे मीठ शेवटी स्वयंपाकाच्या बरणीत जाते, आणि त्यावर नजर ठेवणे कायद्याला अवघड आहे.

निदानाची बाजू, आणि त्याच्या मर्यादा

आयोडीनची कमतरता एका व्यक्तीत सिद्ध करणे कठीण असते. मूत्रातील आयोडीनची तपासणी आहे, पण तिचे आकडे दिवसागणिक वर-खाली होतात. ती लोकसमूहाची स्थिती सांगते, एकट्या रुग्णाची नाही. म्हणून या बाईच्या एका नमुन्यावर मी पैसे खर्च करायला लावले नाहीत. सामान्य अँटी-टीपीओ, एकसारखी वाढलेली ग्रंथी, एकाच घरातील तीन पिढ्यांत गलगंड (सासूबाईंच्या गलगंडाबद्दल पुढे लिहिले आहे) आणि रंग न देणारे मीठ, या चार गोष्टी एकत्र ठेवल्यावर कमतरता हेच सर्वांत संभाव्य कारण ठरत होते. शहरातल्या बहुतेक प्रौढ रुग्णांत थायरॉईड मंदावण्याचे कारण हाशिमोटोचा दाह, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला, हे असते. अशा प्रत्येक रुग्णाला "मीठ बदला म्हणजे बरे व्हाल" असे सांगणे चुकीचे आणि घातकही ठरेल.

या बाईलाही मीठ बदलून भागणार नव्हते. ग्रंथीत साठा व्हायला वेळ लागतो आणि गर्भाला थांबता येत नाही. त्यामुळे गोळी चालूच ठेवली. उलट, नुसत्या गोळीवरही भागले नसते. गोळी आईची संप्रेरकाची गरज भागवते, पण दुसऱ्या तिमाहीत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागली की तिला कच्चे आयोडीन लागते, आणि ते मुख्यतः आईच्या आहारातूनच मिळते.

शेजारणीच्या सांगण्यावरून घरात कोबी आणि फ्लॉवर बंद झाले होते. ते मी पुन्हा सुरू करायला सांगितले. कोबीवर्गीय भाज्यांत आणि बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरे, पण आयोडीन पुरेसे असताना शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या या पदार्थांनी बिघडत नाही. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईच्या ताटातून भाजी काढून घेण्याला काही आधार नव्हता.

पुढील काळ

गोळीची वेळ सुधारल्यावर, मात्रा न वाढवता, अठराव्या आठवड्यात टीएसएच ३.४ आणि बाविसाव्यात २.३ झाले. अडतिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती होऊन २.७ किलोचा मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन बाळाचे टीएसएच तपासले. ते सामान्य होते. ही तपासणी प्रत्येक नवजात बाळाची व्हावी असे मला मनापासून वाटते. जन्मजात थायरॉईडची उणीव असलेले बाळ पहिले काही आठवडे अगदी धडधाकट दिसते, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तरच मेंदूचे नुकसान टळते. प्रसूतीनंतर आईची मात्रा ५०वर आणली, सहा आठवड्यांनी टीएसएच १.४ आले, पुढे ती २५वर आली. अंगावरचे दूध चालू आहे आणि बाळाला मिळणारे आयोडीन त्या दुधातूनच मिळते, म्हणून मिठाच्या बाबतीत आशाताई अजूनही अधूनमधून फळी पाहून येतात.

मुलीचे टीएसएच सामान्य होते. तिला गोळी दिली नाही, फक्त मीठ बदलले. आठ महिन्यांनी ग्रंथी बोटांना पूर्वीपेक्षा लहान लागते, पण लागते. मुलांमधला गलगंड ओसरायला महिने जातात, कधी वर्षेही. आईवडिलांना हे आधीच सांगून ठेवले नाही तर ते दुसऱ्या महिन्यात उपाय सोडून देतात.

सर्वांत जास्त काळजी सासूबाईंची वाटली. पदर गळ्याभोवती घट्ट घेण्याची त्यांची सवय मी लाजरेपणाची समजले होते. पदर बाजूला केल्यावर वीसेक वर्षांचा जुना, लांबूनही दिसणारा, गाठाळ गलगंड दिसला. दीर्घकाळ आयोडीनच्या तुटवड्यात वाढलेल्या अशा ग्रंथीतील काही गाठी टीएसएचच्या हुकमाबाहेर जातात आणि एकदम आयोडीन मिळू लागले की जास्त संप्रेरक बनवू लागतात; उतारवयात त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. नेहमीच्या प्रमाणातले आयोडीनयुक्त मीठ त्यांनाही योग्यच, पण आधी टीएसएच आणि सोनोग्राफी केली. टीएसएच सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाला होते, म्हणून दर तीन महिन्यांनी नाडी आणि टीएसएच पाहायचे ठरले. एक गाठ अडीच सेंटिमीटरहून मोठी आहे आणि तिची सुईने तपासणी करायला हवी.

आमच्या नोंदणी कागदावरच्या जुन्या प्रश्नाखाली आता हाताने एक ओळ लिहिलेली असते : "भाजी-आमटीत कोणते मीठ पडते? भांडे पाहिले का?" त्याच गल्लीतल्या आणखी काही घरांत आशाताईंच्या कुपीने रंग दिलेला नाही, आणि त्या प्रत्येक घरात पाकीटही होतेच.

सासूबाईंच्या घरी स्वयंपाकाचे मीठ आता घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब असते. चिनी मातीची बरणी त्यांनी टाकली नाही. कैरीच्या लोणच्यापुरती ती माळ्यावर गेली आहे. सुईच्या तपासणीला त्या आधी नको म्हणत होत्या, पण सुनेने दोनदा सोबत येऊन त्यांना तयार केले. सिद्धेश्वराची जत्रा तोंडावर आहे. गड्डा (जत्रेतला बाजार) उठला की येते, असे सांगून त्यांनी तारीख घेतली आहे.